आठ पौंडांचा सेंटर-फॉरवर्ड

१९२५ सालच्या जून महिन्यात फुटबॉलच्या नियमावलीतील ऑफसाईडच्या कलमात ‘तीन’ या संख्येच्या जागी ‘दोन’ ही संख्या घातली गेली, आणि एवढ्याशा दुरुस्तीने इंग्लंडातील त्या खेळाचे रूप अवघ्या एका हंगामात ओळखू न येण्याइतके पालटले. तोवरचा दंडक असा होता की, सहकाऱ्याने चेंडू पुढे टाकला त्या क्षणी आघाडीचा गडी आणि प्रतिपक्षाची गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असलेच पाहिजेत; त्यांतील एक बहुधा गोलरक्षकच असल्यामुळे उरलेल्या दोघा बचावपटूंपैकी एकाने योग्य क्षणी चार पावले पुढे सरकावे आणि हात उंचावून पंचाकडे पाहावे, की समोरच्या संघाचा सारा डाव बेकायदा ठरत असे. न्यूकॅसलच्या बिल मॅक्क्रॅकन नामक आयरिश बचावपटूने ही विद्या इतकी हस्तगत केली होती, आणि तिचे अनुकरण करणारे गावोगाव इतके निपजले होते, की शनिवारचा अर्धा दिवस सुटी मिळालेला कामगार पदरचे पैसे मोजून मैदानावर येई आणि दीड तास पंचाची शिट्टी ऐकून घरी परते. स्कॉटिश संघटनेच्या सूचनेवरून अखेर कलम बदलले. आदल्या हंगामात पहिल्या श्रेणीच्या ४६२ सामन्यांत मिळून ११९२ गोल झाले होते. नव्या कलमाच्या पहिल्याच हंगामात ते १७०३ वर गेले.

ही दुरुस्ती होण्याच्या तीनच महिने अगोदर, म्हणजे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबाने नदीपलीकडच्या ट्रॅनमिअर रोव्हर्स या लहान क्लबाकडून अठरा वर्षांचा एक पोरगा ३००० पौंड मोजून आपल्या पटावर घेतला होता. त्याचे नाव विल्यम राल्फ डीन. काळेभोर कुरळे केस आणि सावळ्या वर्णामुळे लोक त्याला ‘डिक्सी’ म्हणू लागले, आणि ते त्याला मुळीच रुचत नसले तरी जगाने शेवटपर्यंत तेच चालवले; स्वतः तो आपणास बिल म्हणवून घेणे पसंत करी. कलम आणि माणूस असे एकाच वर्षी पुढे आले, म्हणून माणसाचा पराक्रम कलमाच्या खाती जमा करण्याचा मोह पुढच्या काळातील पुष्कळांना झाला आहे. तो कितपत रास्त, हे पाहण्यापूर्वी त्या माणसाची घडण पाहणे अगत्याचे आहे.

मर्सी नदीच्या एका तीरावर लिव्हरपूल आणि दुसऱ्यावर बर्कनहेड. एकीकडे ज्या गोद्यांत अमेरिकेतील यादवीच्या काळी मुंबईचा कापूस उतरला आणि मुंबईच्या शेटियांना काही वर्षे कुबेराचे ऐश्वर्य दाखवून गेला त्या गोद्या, आणि दुसरीकडे जहाजबांधणीच्या कारखान्यांची व रेल्वेच्या यार्डांची वस्ती. बर्कनहेडच्या लेअर्ड स्ट्रीटवर २२ जानेवारी १९०७ रोजी डीनचा जन्म झाला. बाप आगगाडीचे इंजिन चालवी. बापाच्या बोटाला धरून नदी ओलांडून पोरगा एव्हर्टनचे सामने पाहायला जाई, आणि १९१५ साली एव्हर्टनने लीगचे अजिंक्यपद मिळवले तेव्हा आठ वर्षांच्या त्या मुलाच्या मनात त्या निळ्या सदऱ्यावाचून दुसरा विचार उरला नव्हता. महायुद्धाच्या दिवसांत पहाटे उठून घरोघर दूध पोचवण्याचे काम तो करी. शिक्षणाशी त्याचे कधी जमले नाही. पण फुटबॉल खेळावयास उत्तम मैदान मिळते एवढ्या एका कारणासाठी तो गुन्हेगार मुलांकरिता चालवलेल्या सुधारगृहात स्वखुशीने जाऊन राहिला, आणि तेथील सोबत्यांत आपण उपरे ठरू नये म्हणून चोरी करताना सापडलो अशी थाप मारत राहिला, ही हकीकत त्याने पुढे स्वतःच मोठ्या मौजेने सांगितली आहे.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो विरल रेल्वेच्या कारखान्यात फिटरचा उमेदवार म्हणून रुजू झाला. तेथे रात्रपाळी कोणालाच नको असे, कारण कारखान्यात उंदरांचा सुळसुळाट फार होता. डीनने इतरांच्या रात्रपाळ्या आपण होऊन अंगावर घेतल्या, कारण त्यामुळे दिवस खेळायला मोकळा मिळे. राहता राहिले उंदीर, त्यांना तो लाथेने भिंतीवर उडवी. पेन्सबी नामक गावठी संघाकडून खेळत असताना ट्रॅनमिअरच्या माणसाची नजर त्याच्यावर गेली आणि सोळाव्या वर्षी तो धंदेवाईक झाला. तिसऱ्या श्रेणीचा खेळ म्हणजे शुद्ध दांडगाई होती. गोल करून परतणाऱ्या पोरसवदा आघाडीवाल्याला बचावाचे जुने खोंड कसे वागवीत याची कल्पना एवढ्यावरून यावी की, राखीव संघाच्या एका सामन्यात बसलेल्या लाथेने त्याच्या एका अंडाला अशी इजा झाली, की ते काढून टाकावे लागले. त्यानंतरही तो खेळला. ट्रॅनमिअरसाठी ३० सामन्यांत २७ गोल त्याच्या नावावर लागले आणि मोठ्या क्लबांच्या कचेऱ्यांतून चौकश्या येऊ लागल्या.

एव्हर्टनचे सेक्रेटरी टॉम मॅकिन्टॉश बोलणी करायला आले त्या दिवशी डीन सिनेमाला गेला होता. घरी परतल्यावर आईने सांगितले की, एव्हर्टनचे गृहस्थ वुडसाईड हॉटेलात तुझी वाट पाहत बसले आहेत. हे हॉटेल लाँचच्या धक्क्याजवळ, घरापासून अडीच मैलांवर. पोरगा ते सगळे अंतर धावत गेला आणि समोर ठेवलेल्या कागदावर सही करून मोकळा झाला. मेहनताना किती, मुदत किती, अटी कोणत्या, यांतले काहीही त्याने विचारले नाही. ३००० पौंड ट्रॅनमिअरच्या तिजोरीत गेले. त्यांतून आपल्या आईबापांना बरीच मोठी रक्कम मिळेल अशा समजुतीत तो होता, प्रत्यक्षात त्यांच्या हाती ३० पौंड पडले, आणि लीगच्या वरिष्ठांकडे दाद मागायला गेलो तेव्हा सही झाली आहे, आता इलाज नाही, असे उत्तर मिळाले, असे तो उतारवयात सांगत असे.

ही सही कशावर होती, ते येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ज्याला आज आपण व्यावसायिक फुटबॉलपटूची कारकीर्द म्हणतो तिचा सगळा पाया त्या काळी या एका दस्तऐवजावर उभा होता. खेळासाठी पैसे घेण्यास इंग्लंडात १८८५ साली अधिकृत मान्यता मिळाली. १८८८ साली बारा क्लबांनी मिळून लीग स्थापन केली आणि एव्हर्टन हा त्या बारांतलाच एक. मात्र पैसे देणे मान्य झाले तसे ते किती द्यावेत यावर बंधनही लौकरच आले. १९०१ पासून आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा मुक्रर झाली. महायुद्धानंतर ती काही काळ सैल झाली खरी, पण १९२२ पासून हंगामात आठ पौंड आणि उन्हाळ्याच्या सुटीत सहा पौंड असा जो आकडा कायम झाला तो दुसरे महायुद्ध संपेपर्यंत हलला नाही. त्याहून जाचक होती ती नोंदणीची पद्धत. हंगाम संपला की क्लबाने आपल्या गड्यांची यादी करावी. ज्याचे नाव ‘राखून ठेवले’ त्याने देऊ केलेल्या पगारावर सही करावी, आणि तो पगार नामंजूर असेल तर घरी बसावे. क्लब त्याला एक छदामही न देता त्याची नोंदणी आपल्या दप्तरात अडकवून ठेवू शके, आणि लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबाला त्याला कामावर घेण्याची मुभा नसे. करार वर्षाचा, पण ताबा आजन्म, असा हा मामला होता.

याला सरसकट गुलामगिरी म्हणण्याची एक चाल पडून गेली आहे. मला ती अतिशयोक्त वाटते. आठवड्याला आठ पौंड म्हणजे त्या दिवसांत कुशल कारागिराच्या रोजीच्या दुपटीहून अधिक होते, आणि ज्या गल्लीत डीन वाढला त्या गल्लीत तो पगार घेणारा मनुष्य शेजाऱ्यांच्या हेव्याचाच विषय झाला असणार. अन्याय होता तो निराळ्याच जागी. आघाडीचा गडी ज्या दिवशी तीन गोल करी त्या दिवशीही आठ पौंड, आणि ज्या दिवशी एकही न करी त्या दिवशीही आठच. त्याच्या पायांची किंमत बाजारात वाढत जाई, पण ती वाढ जमा होई दुसऱ्याच्या खात्यावर. याचे एक उदाहरण तर जवळजवळ विनोदी आहे. १९२५ च्या उन्हाळ्यात आर्सेनलने संडरलंडकडून चार्ली बकन हा नामांकित आघाडीवाला घेतला तो अशा करारावर, की रोख २००० पौंड आत्ता द्यावेत आणि पहिल्या हंगामात बकन जेवढे गोल करील तेवढ्यांसाठी दर गोलामागे १०० पौंड आणखी द्यावेत. बकनने २१ गोल केले. हे २१०० पौंड संडरलंडला पोचले. ज्याने ते गोल केले त्याला त्याच्या ठराविक पगारापलीकडे त्यांतला एक पेन्सही मिळाला नाही.

डीनच्या एव्हर्टनमधील पहिल्या पूर्ण हंगामात त्याने लीगमध्ये ३२ गोल केले. त्यानंतर १९२६ च्या जूनमध्ये उत्तर वेल्समध्ये मोटारसायकलचा अपघात होऊन त्याची कवटी आणि जबडा ही दोन्ही भंगली. काही काळ तो शुद्धीवरही नव्हता. जगेल की नाही याचीच जेथे शाश्वती नव्हती तेथे खेळण्याची गोष्ट कोण काढतो? काढली तेव्हा डॉक्टरांनी ती नाकारली. त्या काळचा चेंडू म्हणजे जाड चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेला, तोंडाशी चामड्याच्या वादीने आवळलेला गोळा. पाऊस पडला की तो पाणी पिऊन मणाचा जड होई, आणि वादीची गाठ कपाळावर बसली तर कातडी फाटे. मोडलेल्या कवटीच्या माणसाने असा चेंडू डोक्याने अडवावा, हा विचारच भीषण होता. डीन ऑक्टोबरात मैदानावर उतरला आणि लीड्सविरुद्ध गोल केला तो डोक्यानेच. त्याच्या कवटीत डॉक्टरांनी लोखंडी पत्रा बसवला आहे आणि त्याच्या हेडरचे सारे सामर्थ्य त्यात आहे, अशी आख्यायिका यानंतर लिव्हरपूलभर पसरली. लोकांना ती इतकी आवडली की ती खोडून काढण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही.

हेडरचे मर्म निराळे होते. अंगापिंडाने तो काही असाधारण नव्हता. उंची पावणेसहा फुटांहून जेमतेम थोडी अधिक. परंतु चेंडू हवेत असतानाच तो कोठे येणार हे ताडून, बचावपटूच्या अर्धा क्षण आधी उडावयाचे, वर गेल्यावर अंग तोलून किंचित थांबल्यासारखे करायचे आणि मग कपाळाच्या सपाट भागाने चेंडू खाली, गोलरक्षकाच्या पायांच्या रोखाने दाबायचा, ही कला त्याने अशी सिद्ध केली होती की पुष्कळांच्या लाथेत जी अचूकता नसे ती त्याच्या मानेच्या एका झटक्यात असे. बावीस जणांच्या धसमुसळ्या खेळात त्याला कधी मैदानाबाहेर काढण्याची पाळी पंचावर आली नाही, हेही त्याच्याविषयी मुद्दाम सांगितले जाते. फेब्रुवारी १९२७ मध्ये तो इंग्लंडकडून वेल्सविरुद्ध पहिला सामना खेळला आणि दोन गोल करून आला. एप्रिलात ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावर स्कॉटलंडला २–१ असे हरवले तेव्हा दोन्ही गोल त्याचेच होते, आणि स्कॉटलंडच्या भूमीवर इंग्लंडला १९०४ नंतर जय मिळाला तो त्या दिवशी. पहिल्या पाच आंतरराष्ट्रीय सामन्यांत १२ गोल ही त्याची मिळकत. तरी पुढच्या पाच-सहा वर्षांत निवडसमितीने त्याला अवघे अकरा सामने आणखी दिले, ही गोष्ट निवडसमित्यांच्या एकंदर लौकिकाला साजेशीच म्हणावी लागेल.

येथून आपण १९२७–२८ च्या हंगामाशी येतो. आदल्याच वर्षी मिडल्सबरोच्या जॉर्ज कॅमसेलने, जो खाणीतून फुटबॉलमध्ये आला होता, दुसऱ्या श्रेणीत एका हंगामात ५९ गोल केले होते, आणि असला आकडा पुन्हा होणे नाही अशी सर्वांची धारणा होती. डीनने हंगामाच्या आरंभापासूनच गोलांचा असा सपाटा लावला की ख्रिसमसच्या सुमारास वर्तमानपत्रांनी त्याची बेरीज कॅमसेलच्या बेरजेशेजारी छापण्यास सुरुवात केली. मधल्या काळात एव्हर्टनचा जोर ओसरला, हडर्सफील्डने आघाडी घेतली, आणि इंग्लंडच्या सामन्यांसाठी जावे लागल्याने लीगचे काही सामने डीनच्या हातून गेले. मार्चच्या अखेरीस वेम्ब्लीवर स्कॉटलंडने इंग्लंडचा ५–१ असा जो ऐतिहासिक फडशा पाडला त्या दिवशीही इंग्लंडचा सेंटर-फॉरवर्ड डीनच होता. तीन सामने उरले तेव्हा हिशेब असा होता: कॅमसेलला मागे टाकण्यासाठी नऊ गोल हवेत. ॲस्टन व्हिलाविरुद्ध त्याने दोन केले. बर्नलीच्या मैदानावर चार केले. एव्हर्टनचे अजिंक्यपद तोवर निश्चित झाले होते. ५ मे १९२८ रोजी एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानावर आर्सेनलविरुद्धच्या अखेरच्या सामन्याला सुमारे ४८,००० लोक आले ते लीगसाठी नव्हेत, तीन गोलांसाठी.

प्रारंभीच आर्सेनलने गोल केला. लोकांना त्याचे सुखदुःख नव्हते. थोड्याच वेळात डीनने डोक्याने बरोबरी साधली, आणि लगोलग मिळालेल्या पेनल्टीवर दुसरा गोल केला. इतका लौकर दुसरा गोल झालेला पाहून आता तिसरा होणारच, किंबहुना चौथा-पाचवाही होईल, अशी प्रेक्षकांची खात्री झाली असावी. मध्यंतरापूर्वी आर्सेनलने बरोबरी केली आणि नंतर चालू झाली ती प्रतीक्षा. उत्तरार्धाचे एकेक मिनिट सरत होते, एव्हर्टनचा प्रत्येक गडी स्वतः गोल मारण्याजोग्या जागीही चेंडू डीनकडेच सरकवत होता, आणि आर्सेनलचे बचावपटू हे ओळखून त्याच्याभोवती कडे करून उभे राहत होते. सामना संपायला थोडाच अवकाश राहिला असता डाव्या बाजूने कॉर्नर मिळाला. तो घेण्यास गेला ॲलेक ट्रूप: फॉरफरचा हा बुटका स्कॉट, ज्याचे खांद्याचे हाड वरचेवर निखळे म्हणून तो पट्टे आवळून खेळत असे, आणि ज्याच्या पायांतून निघालेले चेंडू डीनच्या कपाळाचा पत्ता वर्षभर बिनचूक शोधत आले होते. ट्रूपने चेंडू उंच टाकला, गर्दीतून एक काळे कुरळे डोके वर आले, आणि चेंडू जाळ्यात गेला. त्यानंतर मैदानात जो कल्लोळ झाला तो शमावयास बराच वेळ लागला. एक प्रेक्षक तर कुंपण ओलांडून धावत आला आणि त्याने डीनचे चुंबन घेतले. शेवटी आर्सेनलने आणखी एक गोल करून सामना ३–३ असा सोडवला, हे पुष्कळांच्या ध्यानातही राहिले नाही. ३९ सामन्यांत ६० गोल. एव्हर्टनच्या सबंध संघाने त्या वर्षी लीगमध्ये १०२ गोल केले, त्यांतले साठ एकट्याचे.

त्या दिवशी मैदानावर जमलेल्यांनी मोजली असतील अशी दोन बेरजांची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. माणशी एक शिलिंग धरले तरी त्या दुपारी दरवाज्यावर दोन हजार पौंडांहून अधिक जमा झाले. ज्याच्यासाठी ते जमा झाले त्याचा त्या आठवड्याचा पगार आठ पौंड. पाच वर्षे एका क्लबात काढल्यावर साडेसहाशे पौंडांपर्यंत बक्षिसी देण्याची सोय नियमांत होती, परंतु तीही द्यावी की नाही हे क्लबाच्या मर्जीवर.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. ऑफसाईडच्या नव्या कलमाने हे साठ गोल घडवले काय? कलमाने दार उघडले यात शंका नाही. परंतु दार पहिल्या श्रेणीतील बावीसही सेंटर-फॉरवर्डांना सारखेच उघडले होते, आणि १९२८ पावेतो त्याला तीन हंगाम लोटले होते. दरम्यान बचावाचा उतारा निघाला होता. १९२५ च्या ऑक्टोबरात न्यूकॅसलने आर्सेनलचा ७–० असा धुव्वा उडवल्यावर, मध्यफळीतील सेंटर-हाफ मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा करावा आणि त्याच्यावर प्रतिपक्षाचा सेंटर-फॉरवर्ड सोपवावा, असा आग्रह ज्याने धरला तो मनुष्य म्हणजे चार्ली बकन, आणि त्याचा हा विचार आर्सेनलचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांनी अमलात आणला. तोच बकन ५ मे १९२८ रोजी आपल्या कारकिर्दीचा शेवटचा सामना खेळत होता, तोही गुडिसन पार्कवर, आर्सेनलच्याच सदऱ्यात. सेंटर-फॉरवर्डला जेरबंद करण्याची युक्ती सुचवणाऱ्या माणसाने निरोप घेता घेता त्या युक्तीचा हा निकाल समोर पाहिला. म्हणून मला वाटते, कलमाला दशमांश श्रेय द्यावे, ट्रूपला त्याच्याहून अधिक द्यावे, आणि बाकीचे निःशंकपणे डीनच्या पदरात घालावे.

पुढची काही वर्षे विलक्षण चढउतारांची गेली. १९३० साली एव्हर्टन तळाशी गेला आणि क्लबाच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. १९३१ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद, १९३२ मध्ये पहिल्या श्रेणीचे, आणि १९३३ मध्ये डीनच्या नेतृत्वाखाली एफ. ए. चषक, अशी लागोपाठ तीन वर्षांची मालिका त्यानंतर झाली. चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला ३–० असे नमवले, त्यात एक गोल डीनचा. चषकाच्या अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर प्रथमच आकडे आले ते याच वेळी; एव्हर्टनला १ ते ११ आणि सिटीला १२ ते २२, आणि डीनच्या पाठीवर ९. लिव्हरपूल क्लबाशी होणाऱ्या घरच्या झुंजींत त्याने एकूण १९ गोल केले. लिव्हरपूलचा गोलरक्षक एलिशा स्कॉट हा तसाच दांडगा मनुष्य आणि दोघांची दोस्तीही तितकीच गाढ. डीनने रस्त्यात ओळखीची मान हलवली आणि चेंडू आल्याच्या भासाने स्कॉटने फुटपाथवर झेप घेतली, ही कथा अर्थातच रचलेली आहे, पण लिव्हरपूलच्या खानावळींत ती शपथेवर सांगितली जाई.

१९३६ मध्ये डीनने स्टीव्ह ब्लूमरचा लीगमधील ३५२ गोलांचा जुना विक्रम ओलांडला. तोवर अंग थकत चालले होते. तेरा वर्षे टाचा, ढोपरे आणि घोटे यांवर बचावपटूंनी जे लिहून ठेवले होते ते सांध्यांनी वाचायला सुरुवात केली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस एव्हर्टनने बर्नलीकडून टॉमी लॉटन हा सतरा वर्षांचा सेंटर-फॉरवर्ड ६५०० पौंडांना घेतला. आपल्या जागेसाठी आणलेल्या या पोराला डीनने हाताशी धरले, सरावानंतर थांबवून हेडरच्या खुब्या दाखवल्या, आणि तो आपली जागा घेणार हे उघडपणे त्याला सांगून टाकले. लॉटन हे ऋण पुढे जन्मभर बोलून दाखवत असे. क्लबाच्या कचेरीचे वर्तन मात्र एवढे उमदे नव्हते. नव्या सेक्रेटरींशी त्याचे जमेनासे झाले, राखीव संघात दिवस निघू लागले, आणि मार्च १९३८ मध्ये ४३३ सामन्यांत ३८३ गोल करणारा हा मनुष्य नॉट्स काउंटी या तिसऱ्या श्रेणीच्या क्लबाकडे रवाना झाला. त्याला निरोप देण्याचा समारंभ कचेरीला सुचला नाही, ही सल त्याने पुढे बोलून दाखवली आहे.

नॉट्स काउंटीकडे नऊ सामने आणि तीन गोल, एवढेच झाले. पण १९३९ च्या जानेवारीत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्लायगो नामक लहान गावच्या रोव्हर्स क्लबाने त्याला बोलावले, आणि मावळतीचा हा काळ त्याच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत आनंदाचा ठरला. स्टेशनावर गाव लोटले होते. सात लीग सामन्यांत त्याने दहा गोल केले आणि संघाला आयरिश चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. तेथे शेलबर्नशी पहिला सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामना एका गोलाने गेला. उपविजेत्याचे त्याचे पदक त्याच्या सामानातून चोरीला गेले. जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९७८ मध्ये, स्लायगो पुन्हा चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला म्हणून म्हातारा डीन आयर्लंडला गेला, तेव्हा हॉटेलात त्याच्या खोलीशी कोणीतरी एक पुडके सोडून गेले आणि त्यात ते पदक निघाले. चोराचे नाव कळले नाही.

युद्धानंतर तो चेस्टर शहरात ‘डब्लिन पॅकेट’ नावाचा गुत्ता चालवत असे. इकडे लॉटन, इंग्लंडचा त्या घडीचा सर्वश्रेष्ठ सेंटर-फॉरवर्ड, चेल्सीतून २०,००० पौंडांच्या विक्रमी किमतीला १९४७ मध्ये त्याच तिसऱ्या श्रेणीच्या नॉट्स काउंटीकडे गेला आणि सर्वांना कोडे पडले; पण सगळीकडे पगाराची मर्यादा एकच असल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या श्रेणीत फरक तो काय राहणार, आणि मैदानाबाहेरच्या नोकरीची हमी जेथे मिळेल तेथे शहाणा मनुष्य का जाणार नाही? मर्यादा इंचाइंचाने सरकत १९५८ मध्ये वीस पौंडांवर आली. जिमी हिल यांच्या पुढाकाराने खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस दिली तेव्हा कोठे जानेवारी १९६१ मध्ये ती रद्द झाली, आणि काही आठवड्यांतच फुलमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. नोंदणीच्या पद्धतीवरचा घाव १९६३ मध्ये पडला: न्यूकॅसलने अडकवून ठेवलेल्या जॉर्ज ईस्टमच्या फिर्यादीत न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी, खेळाडूला राखून ठेवण्याची ही तऱ्हा धंद्यावरील गैरवाजवी निर्बंध आहे, असा निवाडा दिला.

डीनच्या वाट्याला यातले काही आले नाही, आणि त्याबद्दल तो कडवटपणे बोलल्याचेही फारसे ऐकिवात नाही. गुत्त्याचा धंदा सोडल्यावर एव्हर्टनचेच धनी जॉन मूर्स यांच्या लिटलवुड्स पूल्स या कंपनीत तो हमालाच्या जागेवर लागला. फुटबॉलच्या निकालांवर लोकांनी लावलेल्या पैजांचे अर्ज जेथे लाखांनी येत, त्या इमारतीत साठ गोलांचा हा मनुष्य १९७२ पर्यंत नोकरीत होता. ७ एप्रिल १९६४ रोजी, क्लब सोडून सव्वीस वर्षे झाल्यावर, त्याच्या साहाय्यार्थ गुडिसन पार्कवर सामना झाला; एव्हर्टन व लिव्हरपूल मिळून इंग्लिश विरुद्ध स्कॉटिश असे संघ केले होते, तीस हजारांवर लोक आले आणि सुमारे सात हजार पौंड जमले. एकाच संध्याकाळी मिळालेली ही रक्कम एव्हर्टनने त्याच्यासाठी मोजलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती.

१९७६ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. १ मार्च १९८० रोजी तो एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांचा सामना पाहण्यास गुडिसन पार्कवर आला असता तेथेच हृदयविकाराने त्याला मृत्यू आला, वय त्र्याहत्तर. सामना लिव्हरपूलने २–१ असा जिंकला. लीगमधील त्याच्या ३७९ गोलांच्या एकूण बेरजेला आर्थर राउलीने पूर्वीच मागे टाकले होते, तेही ४३४ गोल करून. पण एका हंगामातील साठांच्या जवळपासही पहिल्या श्रेणीत कोणी फिरकले नाही, आणि १९९५ पासून त्या श्रेणीचे सामनेच बेचाळीसवरून अडतीसवर आल्यामुळे यापुढे फिरकेल असेही दिसत नाही. एव्हर्टनच्या गोलांच्या यादीत त्याच्या खालचे नाव ग्रॅम शार्पचे आहे. त्याचे गोल १५९.